लुबर्टची गेलेली पानं

२ नोव्हेंबर, शनिवार
माफी मागतो. जूननंतर या वहीत एक ओळ नाही. कारणं होती, पण लिहायला घेतली की ती कारणं वाटत नाहीत.

आज घरातला कॉम्प्युटर उघडला. सासरे लुबर्ट रोज सकाळी सायकलवरून येतात आणि त्यावर आपल्या आठवणी टाइप करतात. पन्नास वर्षं कालव्यांतून मालाची बोट चालवली, ती सगळी आता दोन बोटांनी. एकशे बारा पानं झालीत, मध्ये फोटो. मशीन रडतखडत चालायचं. ऑफिसच्या भंगाराच्या खोक्यात रॅमच्या दोन पट्ट्या मिळाल्या. आधीच्या दोन पट्ट्यांशी ना कंपनी जुळते, ना स्पीड. पण खाचेत बसल्या. धडकी वस्तू असताना नवी घेणं आमच्या घरात बसत नाही. मशीन चालू झालं.

यान्तिने म्हणाली, बाबांची पानं आहेत त्यात, जपून. बायकोचं बरोबर आहे. संकल्प: आजच कॉपी काढून ठेवणे.

४ नोव्हेंबर
भंगार झालं तरी ऑफिसचं. न विचारता आणलं, म्हणजे चोरीच ना? दिवसभर तेच डोक्यात. शेवटी मॅनेजर एस्तरला सविस्तर मेल लिहिली, पट्ट्यांच्या नंबरांसकट. उत्तर आलं: घे की. मन हलकं झालं. कॉपी राहिली.

९ नोव्हेंबर
लुबर्टची तीन पानं गेली. मशीन मध्येच बंद पडून आपलं आपण चालू झालं म्हणे. ते म्हणत होते, सेव्ह केलं होतं. मी म्हटलं, राहिलं असेल एखाद वेळी. वाक्य सहज तोंडातून गेलं. पट्ट्यांचा संशय आला, नाही असं नाही. पण पुराव्याशिवाय दोष देणं माझ्या स्वभावात नाही.

१६ नोव्हेंबर
आणखी पाच पानं. लुबर्ट आता शेजारी कागद ठेवतात. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात: १०.४०, सेव्ह केलं. ११.०५, सेव्ह केलं. तो कागद बघवत नाही.

रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावला. वीस मिनिटांत एकही चूक नाही. सूचनांत लिहिलंय की रात्रभर चालवा, पण एवढी वीज?

२३ नोव्हेंबर
लुबर्टनी कॉफीचा कप खाली ठेवला. यान्तिने बाहेर गेल्यावर म्हणाले, “जावईबापू, तू उगाच गोड बोलणारा नाहीस. माझं डोकं कामातून चाललंय का?”

मी म्हटलं, या वयात तपासणी केलेली बरी.

हे खोटं नाही. कुणीही हेच सांगेल. यान्तिनेने डॉक्टरांकडे अकरा डिसेंबरची वेळ घेतली. तोवर बाबांनी एकट्याने आपली छोटी बोट काढायची नाही, असंही ठरलं. म्हणजे रविवारची मासेमारी बंद. लुबर्टनी बोटीची किल्ली मात्र खिशातच ठेवली.

३० नोव्हेंबर
पाच डिसेंबरच्या सिंटरक्लास सणाच्या चिठ्ठ्या टाकल्या; ज्याचं नाव निघेल त्याला निनावी भेट द्यायची. माझ्या वाट्याला लुबर्ट! सुटलो. भेटीबरोबरच्या कवितेखाली सही असते सिंटची, म्हणजे भेटी आणणाऱ्या म्हाताऱ्या संताची, आणि सिंटला सगळं माहीत असतं. चार ओळी थट्टेच्या, चार ओळी पट्ट्यांच्या. हसता हसता सांगून होईल. तोंडावर सांगण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक नाही का? बहुधा आहे.

५ डिसेंबर, संध्याकाळी ५
कविता झाली. शेवटच्या चार ओळींवर तीन दिवस गेले: डोकं तुमचं शाबूत आहे, दोष जावयाच्या हातचा. प्रिंट देताना मशीन बंद पडून परत चालू झालं. कविता आपोआप परत आली. छापली, पाकिटात घातली. यान्तिने खालून हाका मारतेय.

६ डिसेंबर, सकाळ
काल रात्री रिवाजाप्रमाणे लुबर्टनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

पन्नास वर्षं नाव हाकली, एकही बंदर चुकलं नाही,
आता काल लिहिलेलं पान सकाळपर्यंत टिकत नाही.
चष्मा शोधता, टोपी शोधता, शोधता गेलेली ओळ,
सिंट म्हणे, कप्तानसाहेब, डोक्यात झालाय घोळ.

पहिल्या दोन ओळींना सगळे हसले. चौथीनंतर कुणी हसलं नाही. मी पुढच्या ओळींची वाट बघत होतो. लुबर्टही. आमची फेन्ना म्हणाली, “आजोबा, पान उलटा, मागे असेल.” त्यांनी उलटलं. मागे कोरं.

कागदाची नीट घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मग त्याच खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली.

“सिंट माझ्याहून म्हातारा, पण त्याला कळतं. अकरा तारखेपर्यंत कशाला थांबायचं? बोट विकून टाक. तू व्यवस्थित माणूस आहेस.”

यान्तिने स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तेव्हाच बोलणार होतो. पण सणाच्या दिवशी सगळ्यांचा विरस करायचा? आणि कागदावर त्या ओळी नसताना माझ्यावर विश्वास तरी कोण ठेवणार?

मी सेव्ह केलं होतं. मला पक्कं आठवतंय.

आज लुबर्ट टाइप करायला आले नाहीत.

उद्या: किल्लीला नावाची चिठ्ठी लावणे, म्हणजे हरवायला नको.