इंजिन कुणाच्या हाती द्यायचं

९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तू घेशील की नाही ते तुझं, मी पाठवते आहे. आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवता येतो. भिंगरीचा दवाखाना चांगला चालला आहे. दिवसभर लोकांच्या दाढा उपटते आणि तरी लोक तिला भेटी आणून देतात, हे मला अजून समजलेलं नाही. तुझी पाठ कशी आहे? पत्ता तोच असेल असं धरून लिहिते आहे.

आता सरळ विचारते. माझ्या लेकीला तू पढवतो आहेस का?

गेल्या आठवड्यात तिच्या टेबलावर एक कागद दिसला. अक्षर तिचं, पण प्रश्न तिचे नव्हेत. ‘काढलेले जुने भाग परत देता का?’ ‘मोजमापं लिहून ठेवता, की डोक्यात?’ ‘एका वेळी किती इंजिनं उघडी पडलेली असतात?’ आणि तळाशी, दोनदा अधोरेखित: ‘जो माणूस “काही होत नाही हो” म्हणेल, त्याच्या दारातून परत फिरायचं.’ धाकट्या, हे वाक्य मी माझ्याच स्वयंपाकघरात शंभर वेळा ऐकलं आहे. ते बोलणारा पोळी तव्यावरून उतरायच्या आत पळवायचा.

शिवाय ही फोन घेऊन गॅलरीत जाते. विचारलं तर म्हणते, मैत्रीण होती. मैत्रिणीशी बोलताना कुणी ‘पिस्टन’ म्हणतं का?

तुझ्या भावजींची ती दोन दारांची छोटी गाडी आठवते ना? अठरा वर्षं मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. हे गेल्यावर तीन वर्षांनी पोरीने ताडपत्री काढली. येत्या मार्चमध्ये हौशी लोकांची शर्यत आहे, तीत तिला ती पळवायची आहे. फुटलेल्या इंजिनाच्या जागी तिने कुठल्याशा भंगारातून दुसरं मिळवलं, पण ते सगळं उघडून नव्याने बांधायला हवं. कुणाकडून बांधायचं, यावरून घरात महिनाभर खल चालू आहे. मी म्हटलं, मी बरोबर येणार. ती म्हणाली, “आई, तुला इंजिनातलं काय कळतं?” मी म्हटलं, “इंजिनातलं नाही, माणसातलं कळतं.”

माझा स्वभाव तू जाणतोस. भाजीवाल्याने दोन लिंबं जास्त टाकली, की तळाशी काही सडकं आहे असं मला वाटतं. तीन ठिकाणी गेलो. तिघांवरही माझा संशय आहे.

पहिल्याची जागा इतकी चकचकीत, की चपला काढाव्या की काय असं झालं. त्याच्या हातात पांढरे हातमोजे. भिंगरीने विचारलं, “काम चालू असताना मी येऊन बघितलं तर चालेल?”

तो हसला. “मॅडम, ऑपरेशन चालू असताना नातेवाईक आत येतात का?”

“दाढ काढताना मी पोरांच्या आयांना शेजारी उभं करते,” ती म्हणाली.

त्यावर तो आम्हाला कॉफीची चव विचारत बसला. मागे तीन इंजिनं एकसारख्या कापडाखाली झाकलेली होती, एकावरही चिठ्ठी नाही. कुणाचं कुठलं, हे त्याला कसं कळत असेल? की कळतच नसेल?

दुसऱ्याच्या भिंतीवर फोटोच फोटो. हा कप, तो कप, प्रत्येक जिंकणाऱ्याच्या खांद्यावर याचा हात. मी बारकाईने पाहिलं. चार फोटोंत शर्ट एकच होता. एकाच दिवशी चार शर्यती जिंकून दिल्या का, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, डोळे मिटून गाडी माझ्याकडे सोडा. काही होत नाही हो!” भिंगरी खुर्चीतून उठलीच. मीही उठले. रस्त्यावर आल्यावर मला माझाच राग आला. तुझ्या शब्दावर मी उठले होते.

तिसरा टायरवाल्याच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत बसतो. त्याचं नाव मी घुम्या ठेवलं आहे. बसा नाही, पाणी हवं का नाही. पहिला प्रश्न त्यानेच विचारला, “आधीचं इंजिन कशाने गेलं?”

मी म्हटलं, “रॉडचा बोल्ट ढिला राहिला होता.” अठरा वर्षांच्या सवयीने आलं ते तोंडात.

“बोल्ट आहे?”

मी नाही म्हणणार, तोच भिंगरीने पर्समधून कापसात गुंडाळलेले दोन तुकडे काढले. मला धक्काच बसला. यांच्या कपाटात, शर्टांच्या खाली सापडले म्हणे. करंगळीएवढा बोल्ट, त्याचे हे दोन तुकडे यांनी जपून ठेवले होते आणि मला कधी बोलले नव्हते.

घुम्याने भिंग लावून किती वेळ पाहिलं. मग म्हणाला, “ढिला नव्हता. ढिला बोल्ट हलून हलून तुटतो, त्याच्या कडा घासलेल्या दिसतात. याची मान बघा, बारीक झालीय. हा ताणून तुटलाय. असा बोल्ट ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचा आणि वर पाव फेरा द्यायचा. तो पाव फेरा आयुष्यात एकदाच. याला दोनदा दिलाय.”

“दोनदा कोण देईल?” पोरीने विचारलं.

“ज्याला पहिल्यांदा दिल्याचं आठवत नाही, तो.”

मी टायरच्या ढिगाकडे बघत उभी राहिले.

येताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा ती बोलली. “आई, मी मामाला तीनदा फोन केला होता. माझं इंजिन तूच बांध म्हणून. तो म्हणाला, ‘पोरी, माझ्या हातांवर माझाच भरवसा उरलेला नाही. प्रश्न लिहून देतो, इंजिन नको मागूस.’” म्हणजे माझा संशय खरा होता. पण तो खरा ठरल्याचं सुख मला मिळालं नाही, कारण पुढे ती म्हणाली, “बरं झालं नाही म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.”

सिग्नल सुटला.

त्याच दिवशी, दुपार

सकाळी इथे थांबले, कपडे वाळत घातले, परत बसले. वर लिहिलेलं वाचून काढलं. सगळ्यांवर संशय घेऊन झाला आहे. एकच माणूस राहिला.

अठरा वर्षांपूर्वी त्या शनिवारी तू मागच्या शेडमध्ये इंजिन बांधत होतास. तुझे भावजी पार्सल आणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी शर्यत. तू मधेच लेथवाल्याकडे निघालास, जाताना ओरडलास, “ताई, मांजर आत येऊ देऊ नकोस!” मी मांजराला हाकललं आणि तिथेच रेंगाळले. तुझी हत्यारं, तुझा तो फाटका एप्रन. मला लहानपणी आपण खेळण्यातलं घड्याळ उघडलं होतं ते आठवत होतं. मग माझं लक्ष बोल्टांकडे गेलं. एवढं लखलखीत काम आणि त्यावर पिवळ्या रंगाचे डाग. चार बोल्टांवर चार.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर डेस्कवरून पांढरा रुमाल फिरवायच्या. डाग दिसला, की सगळ्या वर्गासमोर उभं राहायचं. माझ्या डेस्कवर दहा वर्षांत एकदाही डाग निघाला नाही. त्याचा मला अजून अभिमान आहे बघ. मी फडकं घेतलं, रॉकेलमध्ये बुडवलं. रंग ओलाच होता. एकदा पुसताच निघाला.

तुला मदत केली असं वाटून मी घरात गेले. तू परत आलास, चारही बोल्ट स्वच्छ पाहिलेस आणि पहिल्यापासून सुरुवात केलीस.

इथवर ती चूक आहे. इथवरचं मी कुणालाही सांगू शकले असते.

दुसऱ्या दिवशी भर शर्यतीत इंजिन फुटलं, गाडी आदळली आणि यांना ऑपरेशनला आत नेलं. गुडघ्याचं काय होणार, पाय राहणार का, काहीच कळत नव्हतं. तू बाकावर डोकं धरून बसला होतास. म्हणालास, “ताई, मी आवळून झालेल्या बोल्टांवर पिवळा ठिपका देतो. परत आलो तेव्हा ठिपके नव्हते. पण दिले होते असंही वाटतंय. मला आठवत नाही गं.” आणि माझ्या डोळ्यांसमोर ते फडकं आलं, पिवळं झालेलं.

मला त्याच क्षणी कळलं, धाकट्या. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. आणि मी काय केलं? नर्स, यांचे मित्र, सगळे ऐकतील इतक्या मोठ्याने मी म्हणाले, “आठवत नाही? यांचा जीव तुझ्या हातात होता आणि तुला आठवत नाही? ढिला ठेवलास तू बोल्ट!” तू माझ्याकडे बघितलंस. भांडला असतास तर बरं झालं असतं. तू मान खाली घातलीस.

घरी येऊन मी ते फडकं जाळलं.

भीती होती, की हे गेले तर ते माझ्या हातून गेले असं होईल. मग हे काठी टेकत घरी आले, तेव्हा सांगता आलं असतं. पण तोवर तू गाव सोडलं होतंस. नंतर ऐकलं, तू इंजिनं बांधायचंच सोडलंस, कुठे तरी गोदामात सामान मोजतोस. दर वर्षी सांगणं आणखी जड होत गेलं. यांनी तुला एका शब्दाने बोल लावला नाही. बोल्ट मात्र जपला. मला आता संशय येतो, यांना कळलं होतं. मी स्वतः सांगेन म्हणून वाट पाहत राहिले असतील का? हे विचारायला आता उशीर झाला आहे.

जेवायला भिंगरी घरी आली, तेव्हा तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. मग फक्त एवढंच विचारलं, “मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मामा का येत नाही असं रोज विचारायचे. तू काय सांगायचीस, आठवतं?”

आठवतं. मी सांगायचे, त्याला आपली लाज वाटते.

ती उठली आणि माझ्यासमोरच घुम्याला फोन लावला. काय घडलं ते तीन वाक्यांत सांगितलं. पलीकडून त्याचा आवाज ऐकू आला, “म्हणजे पहिल्यांदा त्याने बरोबर आवळला होता. खूणही केली होती. असा माणूस घरात असताना माझ्याकडे कशाला आलात?”

हा निरोप तुझा आहे, म्हणून जसाच्या तसा लिहिला.

शर्यतीचा अर्ज महिनाअखेरपर्यंत भरायचा आहे. पोरीने ठरवलं आहे, इंजिन मामा बांधेल, नाहीतर यंदा गाडी उभी राहील. हे तुझ्यावर ओझं आहे, मला कळतं. त्या गाडीत ती बसणार आहे, माझा एकुलता एक जीव. तरी तिघांना पाहून आल्यावर आणि तुला इतकी वर्षं ओळखून सांगते, मला दुसऱ्या कुणाच्या हाती तो द्यायचा नाही.

मघाशी तिने विचारलं, “मामाला लिहिते आहेस ना? झालं की माझ्याकडे दे. वाचणार आहे मी. पाकीट मीच चिकटवीन आणि पेटीतही मीच टाकीन. तुझा भरवसा नाही, आई.”

ती दारात उभी आहे. काय ते तिलाच कळव. मी उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते, पण आज आणखी एक खोटं नको.

जिला सगळं आठवत होतं ती,
ताई