चौघांच्या खांद्यावरून

४ मार्च
कॅप्टनला मारायचं! चॅनलच्या बाईंचा हुकूम. शेवटच्या भागात शापित जहाज घरच्या बंदराला लागणार आणि कॅप्टन जाणार — म्हणजे मालिकाही गेली, पुढचं पर्व नाही. मी म्हटलं, अहो, लोकांचा जीव आहे त्याच्यावर! तर म्हणतात, "पहिल्या भागातला शाप तुम्हीच लिहिलात ना?"

लिहिला. समुद्रातली चेटकीण कॅप्टनवर ओरडते — "घरी जाशील तो चौघांच्या खांद्यावरूनच!" तेव्हा काय मिरवले होते मी ह्या वाक्यावर. आता आपलेच दात, आपलेच ओठ.

"शाप खोटा पडता कामा नये. प्रेक्षक चिडतात." म्हणजे उःशाप नको, जादूची अंगठी नको, सगळं स्वप्न होतं असंही नको. मग मी करू काय, कपाळ?

५ मार्च
सासूबाईंना कुठून कळलं कोण जाणे. (नवरा! दुसरं कोण.) "त्याला मारलंस तर माझ्याशी बोलू नकोस," म्हणाल्या. माझ्या कामात त्यांनी एवढं लक्ष पहिल्यांदाच घातलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

७ मार्च
लिहिते आणि फाडते. कॅप्टनचं काम करणाऱ्यांना — सेटवर त्यांनाही सगळे कॅप्टनच म्हणतात — आज सरळ म्हटलं, तुम्ही तरी चॅनलशी भांडा. नुसते हसले. "असू दे गं. कधीतरी जायचंच." इतका राग आला मला! मी इथे जिवाचं रान करतेय त्यांच्यासाठी.

१० मार्च
सापडलं!! सापडलं!!

वादळाचा सीन होता. प्लायवूडचं डेक, वरून पाण्याचे पाइप. कॅप्टन घसरले, पाय मुरगळला. सेट लावणाऱ्या चौघा कामगारांनी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं नि निघाले मेकअप रूमकडे. हे वर बसून टोपी हलवताहेत, तलवार उगारताहेत! दिग्दर्शक ओरडला, "अरे, शेवटच्या भागाआधीच नेताय की काय!" सगळे खो-खो हसले. मी बर्फ घेऊन तशीच उभी. चौघांचे खांदे, आणि वर जिवंत माणूस!

शापात मरणाचा शब्दच नाही. मीच लिहिला आणि मलाच दिसला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा!

११ मार्च
बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.
"पण हा मेला कुठे?"
"मरेल असं कुठे म्हटलंय?"
"शाप?"
"फळला की! चौघांच्या खांद्यावरूनच घरी गेला."
"फार चावट आहात हो तुम्ही." पास!!

२९ मार्च
आज शेवटचा भाग लागला. जहाज बंदराला लागताच चौघे खलाशी आनंदाने कॅप्टनला खांद्यावर घेऊन निघतात, तो मेलाच असं समजून लांबून बघणारी चेटकीण खदाखदा हसते — आणि हा वरून टोपी काढून तिला सलाम ठोकतो! सासूबाई उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. नवरा रडला. डोळ्यात काहीतरी गेलं म्हणे. बाईंचा फोन — पुढचं पर्व पक्कं! जिंकले मी. आज स्वतःची पाठ स्वतःच थोपटणार, कोण काय म्हणायचं ते म्हणो.

३० मार्च
सकाळी कॅप्टनचा फोन. "कॅप्टनला मारा, असं चॅनलला मीच सांगितलं होतं. पाठांतर राहत नाही गं आता. सगळ्यांदेखत अडखळण्याआधी मानाने जावं म्हटलं." पुढे म्हणाले, "पण काल बघितलं. आता नाही मरत. वाक्यं तेवढी छोटी लिही."