पू न झालेली जखम

बोरी, ता. ६ मार्च

चि. राजेश्रीस,

आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

नागनाथच्या दुधाच्या गाडीबरोबर चिठ्ठी पाठवतोय, कारण फोन लावला की तुझी माय तो हिसकावून घेते आणि समदं ठीक हाय म्हणून मोकळी होते. तिच्या केमोचं दुसरं सलाइन झाल्यापासून तुझे सगळे हुकूम पाळतोय. तू परभणीत नर्स, पण राज्य इथं बोरीत चालवतेस. पाणी उकळून, पाहुण्यांना ओट्यावरूनच रामराम, मायनं मेंढरांना शिवायचं नाही.

हा शेवटचा हुकूम मात्र मोडला. चार दिवसांखाली कातरणी होती. पहिली मेंढी घरच्या बाईनं कातरायची आणि जिनं सुरू केली तिनंच संपवायची, ही आपल्या घरची रीत. मी लय नको म्हणालो. ती म्हणाली, मी जित्ती हाय तवर मीच कातरीन. अर्धी मेंढी झाली आणि कातरीचं टोक बोटात घुसलं.

घाबरू नकोस. हळद भरली आहे. बोट किंचित लाल आहे, पण पू टिपूसभरही नाही. जन्म मेंढरांच्या जखमा बघण्यात गेला, पू नाही म्हणजे जखम स्वच्छ. फक्त सकाळपासून तिला हुडहुडी भरलीय, अंग कोमट लागतंय आणि भाकरी नको म्हणते. वारं लागलं असेल म्हणते. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. कोणती गोळी द्यायची ते उलट गाडीनं कळव.

तुझा
आबा (दत्तराव)

परभणी, ता. ६ मार्च, दुपार

ती. आबांस,

राजेश्रीचा सा. न. वि. वि.

गोळी नको, मायला घेऊन या. आत्ताच. फोन लावला तर मायनंच उचलला, काई न्हाई झालं म्हणाली आणि बंद करून टाकला. म्हणून नागनाथभाऊंना बजावलंय की चिठ्ठी तुमच्या हातात द्यायची आणि मायला गाडीत बसवूनच मागं फिरायचं.

आबा, पू नाही याचीच मला भीती वाटते. जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, जंतूंना गिळतात आणि तिथंच मरतात. त्या मेलेल्यांचा साठा म्हणजे पू. या पेशी हाडांच्या आत तयार होतात. केमोनं कॅन्सरच्या गाठीबरोबर त्यांचीही पैदास थांबवलीय, म्हणून मायच्या बोटात लढायला कुणीच गेलं नाही. जंतू मोकळे सुटलेत, हुडहुडी त्याचीच आहे. कळपाजवळ लांडगा आलाय आणि कुत्री भुंकत नाहीत, तर तुम्ही निवांत झोपाल का?

माय भांडेल. उचलून आणा. रागवायचं ते मी नंतर रागावते.

उत्तर लिहू नका, निघा.

तुमची
राजेश्री

बोरी, ता. ९ मार्च

चि. राजेश्रीस आशीर्वाद.

मायला दवाखान्यात सोडून आलो, पण माझं चित्त तिथंच आहे. मेंढरं सोडता येत नाहीत आणि इथं बसवतही नाही. एक रात्र उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, हे डॉक्टरांचं बोलणं कानातून जात नाही. जखम स्वच्छ म्हणणारा मीच.

ताप उतरला का? पांढऱ्या पेशी आल्या का? त्या आल्या हे कशावरून ओळखायचं? काल दोनदा चारा टाकला की एकदा, तेही आठवत नाही. मोठ्या कुत्र्याला उगाच ओरडलो. जे असेल ते खरं लिही, मला नर्सचं गोड बोलणं नको.

तुझा
आबा

परभणी, ता. १२ मार्च

ती. आबांस,

सा. न. वि. वि.

खरं तेच लिहितेय. तुम्ही गेल्यावरही दोन दिवस ताप हटत नव्हता. सलाइनमधून अँटिबायोटिक चालू होतं आणि रक्ताचा रिपोर्ट आला की मी वाचायच्या आधी डोळे मिटून घ्यायची. काल ताप उतरला. आज सकाळी मलमपट्टी सोडली तर बोटाच्या टोकाला पिवळा ठिपका. पू, आबा. थोडाच आहे, पण मायचा स्वतःचा आहे. पाठोपाठ रिपोर्टही आला, पेशी वाढायला लागल्यात. मला रडू आवरेना. माय म्हणाली, बोट पिकलंय माझं अन् ही रडायलीय काय, हसायलीय काय.

थोडे दिवस इथंच राहील. लोभ ठेवा आणि वेळेवर जेवा.

तुमची
राजेश्री

बोरी, ता. १३ मार्च

चि. राजेश्रीस,

अनेक आशीर्वाद.

नागनाथला पेढा दिला. कशाचा म्हणून त्यानं विचारलं, तर बायकोच्या बोटाला पू झाला म्हणालो. तो पेढा हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला.

मायला सांग, बाकीची मेंढरं कातरून झाली. पहिली तेवढी अर्धीच आहे, एका अंगानं उघडी हिंडते आणि गाव हसतंय. कुणाला हात लावू दिला नाही. तू मायला मेंढीला शिवू द्यायचं तेव्हा देशील, तोवर आमची तक्रार नाही. हसायचं तेवढं गाव हसू दे. उरलेली अर्धी तिची आहे.

तुझा
आबा