उन्हात तापवलेल्या वीस नळ्या

राउंडअप, मोंटाना
४ नोव्हेंबर १९८४

प्रिय आर्लोदादा,

मी बरा आहे. तू आणि मार्नावहिनी बरे असाल अशी आशा करतो. इथे पहिला बर्फ पडून वितळला. हरणांचा हंगाम अजून तीन आठवडे आहे, पण मी या वर्षी गेलो नाही. हरीण मिळालं तरी ओढून आणायला दुसरा माणूस लागतोच. वखारीतलं काम चालू आहे. जेवायला अजून दोन ताटं काढतो आणि मग एक परत ठेवतो.

मंगळवारी वहिनीचा फोन आला होता. तू झोपला होतास. ती म्हणाली, "अरे, हा रोज तराजू घेऊन बसतो. बंदुकीच्या दारूचं एकेक माप तोलतो, ओततो, परत तोलतो. म्हणतो, मीच जास्त भरली, म्हणून रायफल तोंडावर फुटली. डोळा गेला तो गेला, आता डोकं पण घालवून बसेल. तू समजाव ना त्याला." मी हो म्हणालो आणि रस्त्यांवरच्या बर्फाबद्दल बोललो. तेव्हापासून हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे.

सप्टेंबरातली ती काडतुसं तू भरलीस, पण त्यांच्या आधी उडवलेल्या, रिकाम्या पितळी नळ्या माझ्या हातून आल्या होत्या. त्यांचे गळे मी तापवले होते. हे मला कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

बाबा कसं करायचे ते तू पाहिलं आहेस. चार-पाच वेळा उडवलेल्या नळीचा गळा कडक होऊन तडकतो, म्हणून तो तापवून मऊ करायचा. गॅरेजचं दार बंद, दिवा बंद, नळी ड्रिलवर फिरती आणि ज्योत फक्त गळ्यावर. मंद लाली दिसली रे दिसली की नळी पाण्याच्या बादलीत. "बूड कडकच राहिलं पाहिजे. बूड मऊ झालं तर जाळ मागे फिरून तुमच्या तोंडात," असं ते म्हणायचे. आणि तू म्हणायचास, "लायलला भीती नाही, तो तोंड उघडतच नाही."

एप्रिलात बाबा गेले, त्यानंतर त्या गॅरेजात दार लावून बसणं मला जमलेलं नाही. दोनदा बसून पाहिलं. अंधार झाला की मी त्यांच्या खोकल्याची वाट बघत राहतो. म्हणून ऑगस्टात ड्रिल अंगणात नेलं, भर दुपारी. वीस नळ्या होत्या. एकही कमी तापू नये म्हणून प्रत्येक नळी लाली दिसेपर्यंत ज्योतीत धरली. दादा, उन्हात मंद लाली दिसत नाही. मला दिसली तेव्हा ती नारिंगी झालेली होती, आणि तोवर ताप बुडापर्यंत उतरलेला असणार. मी त्या पुसल्या, मोजल्या, ओळीत लावून तुला दिल्या. तू म्हणालास, "अगदी बाबांसारखं काम." मला बरं वाटलं होतं.

तू त्यातल्या सात नेल्यास. तेरा इथेच आहेत. परवा एकीचं बूड पकडीत धरून दाबलं, ते चेपलं. बाबांच्या जुन्या नळीचं दाबलं, ते हललंसुद्धा नाही. मग उरलेल्या बाराही दाबून पाहिल्या, त्याही चेपल्या. तुझी दारू बरोबर होती.

फोनवर सांगितलं असतं तर तू "जाऊ दे रे" म्हणाला असतास, आणि दुसऱ्या दिवशी परत तोलायला बसला असतास. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो. वहिनीलाही दाखव.

तुझ्याशिवाय मला कुणी नाही, हे मी लिहिणार नव्हतो. त्यावरून काही ठरवू नकोस.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी सकाळी तुमच्याकडे यायला बस आहे. मी तिकीट काढलेलं नाही. ये म्हणालास तर येईन. नको म्हणालास तर तेही लिहून कळव, मी रोज टपालपेटी बघतो.

यापुढे तू मला जो म्हणशील तो,
लायल