प्रकाशकाशी संपर्क साधावा

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (अलंकारिक नव्हे. या पत्राचा पहिला मसुदा मी शाळेच्या ऑफिसात टेबलाखाली पालथा पडून, एका हाताने सैल प्लग दाबून धरत लिहिला. हा दुसरा खुर्चीत बसून लिहितो आहे, पण भाव तोच.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? की डावा होता? मागच्या पत्रात तुम्ही नुसतं गुडघा असं लिहिलं होतं, तेव्हा दोघांचीही चौकशी केली असं समजावं. वहिनींना चष्म्याचा नवा नंबर मानवला का? आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची बहीण तर गेल्या बुधवारपासून इतकी ठीक आहे, की मला काळजी वाटू लागली आहे.

आता पत्रास कारण. शाळेच्या नव्या कोऱ्या कॉम्प्युटरने मला लेखी कळवलं, की हा प्रोग्राम या यंत्रावर चालू शकत नाही, कृपया प्रकाशकाशी संपर्क साधा. मी चक्रावलो. कारण ज्या प्रोग्रामबद्दल तो बोलत होता, तो बावीस वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे सुट्टीला आला असताना, घसा बसून बोलायची बंदी झाली म्हणून नऊ दिवसांत लिहून काढला होता. म्हणजे प्रकाशक तुम्ही. तर साधतो आहे.

तुम्ही विसरला असाल म्हणून सांगतो, शाळेचं वेळापत्रक काढणं हे उपमुख्याध्यापकाचं काम. बावीस वर्ग, चौतीस शिक्षक, आणि चौतिसांपैकी प्रत्येकाला पहिला तास नको, शेवटचा नको आणि जेवणानंतरचा तर मुळीच नको. तुमचा प्रोग्राम येण्याआधी जून उजाडला की लोक माझ्याशी बोलायचे बंद होत. भूगोलाच्या सरांनी तर एका वर्षी मला जिन्यात गाठून, आपण मागच्या जन्मी माझं काय घोडं मारलं होतं, असं शांतपणे विचारलं होतं. पण तुमचा प्रोग्राम आला आणि सगळं निवळलं. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मधल्या सुट्टीनंतर सगळे शिक्षक ऑफिसात जमायचे. मी सगळ्यांदेखत कळ दाबायचो. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत "विचार चालू आहे, कृपया थांबा" असं यायचं (तुमची भाषा तेव्हापासूनच भारदस्त), आणि मग चाळीस मिनिटं आम्ही सगळे थांबायचो. कुणी मोठ्याने बोलत नसे. चहासुद्धा लोक फुर्र न करता प्यायचे. शेवटी प्रिंटर करकरायला लागला, की जे पदरात पडेल ते निमूटपणे घेऊन मंडळी वर्गावर जायची. कॉम्प्युटरने काढलंय म्हटल्यावर भांडणार कुणाशी?

या सुट्टीत शाळेला नवे कॉम्प्युटर मिळाले आणि जुना भंगारवाल्याकडे गेला. मला कळलं तेव्हा तो हातगाडीवर चढला होता. प्रोग्राम तेवढा मी एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला होता, म्हणून म्हटलं, बिघडलं कुठे. तर नव्या यंत्राने वर सांगितल्याप्रमाणे काखा वर केल्या. मग आमच्या संगणकाच्या बाई आल्या. (तरुण आहेत, हुशार आहेत, आणि माझ्याशी बोलताना आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतात.) त्यांनी एक जागा दाखवली, तिथे टिचकी मारली की नवीन यंत्र आपण जुनं असल्याचं सोंग घेतं. किती जुनं, तेही आपण निवडायचं. मी सौम्यपणे सुरुवात करून त्याला एकेक पिढी मागे नेत गेलो. शेवटच्या पिढीला पडदा काळा झाला, मला भरून आलं, आणि मग कळलं की तो बंदच पडला आहे. प्लगचं प्रकरण ते हेच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी निराळी युक्ती काढली. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवायचा. त्या बिचाऱ्याला आपण कुणाच्या पोटात आहोत हे कळत नाही, आणि तो आपल्या काळातलं काम इमानदारीने करत राहतो. (मुख्याध्यापकांना ही कल्पना समजावून सांगताना मी स्टाफरूमचं उदाहरण दिलं, ते त्यांना आवडलं नाही.) आणि काय सांगू दादा, चालला. आगपेटीएवढ्या चौकटीत तो काळा पडदा, ती हिरवी अक्षरं. फक्त प्रिंटर जुन्या पद्धतीचा मागत होता, तेवढं बाईंनी पडद्याचा फोटो काढून निभावलं.

घात निराळीकडे झाला. बुधवारी नेहमीप्रमाणे सगळे जमले, चहा आला, मी घसा साफ करून कळ दाबली, आणि माझं बोट उचललं जायच्या आत वेळापत्रक पडद्यावर हजर. नवं यंत्र फार वेगवान आहे म्हणे. चाळीस मिनिटांचा विचार त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकला. "विचार चालू आहे" हे कुणाला वाचताही आलं नाही. व्यायामाचे सर म्हणाले, "एवढ्यात झालं?"

बस, बावीस वर्षांचा दरारा या दोन शब्दांत संपला. चाळीस मिनिटं घाम गाळून दिलेला निकाल माणूस मान खाली घालून घेतो, पण असा चुटकीसरशी दिलेला कोण घेणार? व्यायामाचे सर म्हणाले, परत चालवून बघा. बघितलं. तेच आलं. भूगोलाचे सर म्हणाले, घाईत काहीतरी राहिलं असेल, आणखी एकदा. तेच आलं. शिवणाच्या बाईंनी स्वतः कळ दाबायची परवानगी मागितली, विज्ञानाच्या सरांनी यंत्र थंड होऊ द्यायला सांगितलं. अशा सात फेऱ्या झाल्या आणि सातही वेळा अक्षर न अक्षर तेच आलं. विज्ञानाच्या सरांच्या मते सात वेळा एकच उत्तर म्हणजे ते बरोबरच असणार. इतरांच्या चेहऱ्यांवरून, सात वेळा एकच उत्तर म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, असं दिसत होतं. माझ्या नाकी नऊ आले. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून मी दहा मिनिटं त्यांच्या खोलीत गेलो, आणि परत आलो तर तुमची बहीण उभी होती.

दादा, तुमची बहीण याच शाळेत भाषा शिकवते आणि बावीस वर्षांत तिने वेळापत्रकाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. खरं तर सगळ्यात कडू तास तिच्याच वाट्याला आहे. नववी क, शनिवार, शेवटचा तास. त्या वर्गाला त्या वेळी आवरणं म्हणजे काय ते तुम्हाला पत्रातून कळायचं नाही. उपमुख्याध्यापकाच्या बायकोलासुद्धा सूट नाही, हे बघूनच बाकीचे गप्प बसत. तर ती म्हणाली, "आता एकदाच माझ्यासाठी चालवा." मी खूश झालो. सगळ्यांसमोर जाहीर केलं, की ही आठवी आणि शेवटची फेरी, जे येईल ते सगळ्यांवर बंधनकारक, माझ्यावरसुद्धा. आणि कळ दाबली.

नववी क, शनिवार, शेवटचा तास: उपमुख्याध्यापक.

बाकी सगळं जसंच्या तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भूगोलाच्या सरांनी माझा हात हातात घेतला. यंत्र निःपक्षपाती आहे अशी सगळ्यांची खात्री पटली आणि मंडळी हसत हसत वर्गावर गेली. तात्पर्य, प्रोग्राम नव्या यंत्रावर व्यवस्थित चालतो, आणि प्रकाशकाचे आभार मानावेत म्हणून हे पत्र.

वहिनींना नमस्कार, मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे जे लागू असेल ते.

तुमचा मेहुणा

ता. क. आभार वगैरे ठीक आहे, पण मला झोप नाही. एक गोष्ट बावीस वर्षं तुमच्यापासून लपवली ती आता सांगतो. तुमचा प्रोग्राम कधीच चालला नाही. म्हणजे चालला, पण पहिल्याच वर्षी त्याने चित्रकलेच्या बाईंना एकाच वेळी तीन वर्गांवर पाठवलं आणि व्यायामाच्या सरांना आठवडाभर एकही तास दिला नाही. तुम्ही तोवर परत गेला होता, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी मूग गिळले. मग माझ्या लक्षात आलं, की तयार वेळापत्रकाची फाइल आधीच देऊन ठेवली, तर तो चाळीस मिनिटं त्याहून चांगलं काढायची धडपड करतो, आणि ते न जमल्यामुळे तेच दाखवतो. तेव्हापासून दर वर्षी अकरा दिवस खपून, चौकटीच्या कागदावर, सगळं वेळापत्रक मीच काढतो. आता माझी अवस्था समजून घ्या. आठवी फेरी मी लिहिलेली नव्हती. बावीस वर्षांनी त्याला जमलं की काय? तुम्ही आत असं काही ठेवलं होतं का? प्रकाशक म्हणून खरं काय ते कळवा.

ता. क. २. आणि खरी विनंती ही. मला नवा प्रोग्राम लिहून द्या. त्याने काहीही करायला नको. फक्त चाळीस मिनिटं विचार चालू आहे असं दाखवावं आणि मी दिलेलं छापावं. आणखी एक, माफी. दर जूनमध्ये घरी मी खापर तुमच्यावर फोडत आलो. मी काय करू, तुझ्या दादाचा प्रोग्रामच तसा आहे, असं म्हणायचो. तुम्ही नव्या घरात राहायला गेलात तेव्हा ती आली नाही, फोनवरही तुटक बोलते, ते त्यामुळेच असणार. तिला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. ३. दादा, अक्षर ओळखलं असशील. हे तिकडे पाकीट चिकटवायला डिंक शोधताहेत, तो माझ्याजवळ आहे. प्रोग्रामला काही जमलेलं नाही, काळजी करू नकोस. फाइलमधल्या दोन ओळी मी बदलल्या, हे मुख्याध्यापकांकडे गेले तेव्हा. फाइल कुठे आहे ते संगणकाच्या बाईंनी दाखवलं. चौकटीच्या वह्या बावीस वर्षं मीच आणून देते, त्या कशाला लागतात हे मला कळणार नाही असं यांना वाटतं. बोलले नाही, कारण चित्रकलेच्या बाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांचे सगळे तास तळमजल्यावर लावणारा माणूस मी त्या कागदावर बघितला होता. तो मला आवडायचा. राग होता, तो यांच्यावर होता, तुझ्यावर कधीच नव्हता. तुझ्या नव्या घरी आले नाही, कारण तुझ्या गावची एकुलती एक गाडी शनिवारी बाराला सुटते आणि माझा तास साडेबाराला संपायचा. या शनिवारी येते आहे, दोन दिवस राहीन. हे येणार नाहीत, त्यांना तास आहे.