‘वरून’ न आलेला माल

धाकटे,

थोरलीचे आशीर्वाद घे, आणि जवळ असते तर काढला असता तो चिमटाही घे. तुझे गुडघे, तुझ्या यजमानांचा खोकला आणि त्यांचं ते सोयीपुरतं बहिरेपण कसं आहे ते कळव. मी बरी आहे. गुडघे, कंबर आणि डोक्यातला राग एवढं सोडलं तर मला काही म्हणजे काही होत नाही. पत्र सूनबाई लिहिते आहे. शब्द माझे, अक्षर तिचं. अक्षर वाईट निघालं तर तिला बोल. शब्द वाईट निघाले तर ते तुला लहानपणापासून सवयीचे आहेत.

तुझं पत्र पोचलं. मुलाने वाचून दाखवलं, तेही मोबाइलमध्ये एक डोळा ठेवून. यंदाही तू येत नाहीस म्हणे, कारण तुझी शेकायची रबरी पिशवी फाटली, ती नसताना एवढा प्रवास गुडघ्यांना झेपायचा नाही, आणि तुझा दुकानदार रोज एकच पालुपद लावतो, “वरून माल आला नाही.” वर त्याच्याकडे म्हणे कसल्याशा काळ्या पेचाच्या बुचांचं खोकं येऊन पडलंय, ती तो तेलाच्या बाटल्यांना बसवून बघतो आणि एकही बसत नाही. ते ऐकून मी हसले, कारण मूर्ख माणूस दुसऱ्याच्या गावात असला की गंमत वाटते. पण धाकटे, हे ‘वर’ कुठे असतं असं त्या बाबाला कधी विचारलंस का गं? देव वर, पाऊस वर आणि दुकानदाराचा माल वर, असं मानून आपण दोघी म्हाताऱ्या झालो. तर ऐक. ते ‘वर’ म्हणजे माझी बैठकीची खोली आहे. तुझ्या रबरी पिशव्या तिथे छतापर्यंत रचलेल्या आहेत आणि मी त्यांच्या कडेकडेने, खेकड्यासारखी, आडवी चालते आहे.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी हे शहर सांगायला हवं. तुला वाटतं एवढं मोठं शहर म्हणजे इथे काहीतरी बनत असेल. छे! इथे नुसतं इकडचं उचलून तिकडे ठेवतात. जगाच्या पाठीवर कुठेही कंगवा बनू दे, तो आधी आमच्या शहराबाहेरच्या गोदामात येऊन झोपतो, मग ठोकवाल्याकडे उठून बसतो, मग किरकोळवाल्याकडे जातो आणि शेवटी तुझ्या डोक्यात. बंदरावरून येणारा माल इथे, रेल्वेने येणारा इथे, आणि तुझ्या शेजारच्या गावात बनलेली बादलीसुद्धा आधी इथे येऊन मगच तुझ्याकडे परत जाते, सासरी जाऊन आल्याशिवाय माहेरी किंमत नसलेल्या लेकीसारखी. शहराच्या भोवती गोदामांचं कडं आहे, गोदामं इतकी लांबलचक की आत माणसं सायकलवर फिरतात. आपल्या आत्याबाईंची आठवण होते मला. त्याही स्वतः काही करत नसत, फक्त एका घरचं दुसऱ्या घरी पोचवत. पण त्यांचा माल कधी अडकला नाही, एवढं मान्य करायला हवं.

तर त्या गोदामांकडे जाणारा मोठा रस्ता तुंबला होता. एका ट्रक ड्रायव्हरच्या फोनमधली बाई त्याला म्हणाली, डावीकडे वळा. तो वळला. पुन्हा डावीकडे म्हणाली, पुन्हा वळला. बाईचं एका शब्दात ऐकणारा पुरुष मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तो नेमका माझ्या गल्लीत घुसला! आमची गल्ली म्हणजे तुला माहीतच आहे, समोरून लठ्ठ माणूस आला तर आपण कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. ट्रकचं मागचं एक चाक समोरच्या शिंप्याच्या भिंतीलगतच्या गटारात गेलं, ट्रक कलला, आणि त्याची अलीकडची बाजू येऊन टेकली ती माझ्या दारापुढच्या ओट्याला. पुढे जाईना, मागे येईना. शिंप्याला आपल्या दुकानात खिडकीतून शिरावं लागलं. मी ओट्यावरच बसले होते. ट्रक कानाशी येऊन थांबला, तरी मी हातातली शेंग सोलून पुरी केली.

थोड्या वेळाने गोदामाचा साहेब आला. शर्टाला अशी कडक इस्त्री की वाकला तर मोडेल. त्याने ट्रककडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि सगळ्या शहाण्यांसारखा शेवटी म्हातारीकडे वळला. “आजी, हा ओटा फोडावा लागेल.” मी म्हटलं, “भिंत तुझी नाही, गटार तुझं नाही, मग ओटा तुझा कुठून झाला?” तो म्हणाला, नवा बांधून देऊ. आणि धाकटे, घरभेदी बघ कसा असतो! माझाच मुलगा आतून पहार घेऊन आला. ट्रकवाल्यांकडे मिळाली नाही ती पहार आमच्या घरात तयार! “आई, नाहीतरी तो काढायचाच होता,” म्हणाला. नवराबायकोला तिथे स्कूटर लावायची आहे, हे मला केव्हाचं ठाऊक आहे. (सासूबाई सांगतात तसं लिहिते आहे. स्कूटरचा विषय मी काढलेला नाही, आमच्या ह्यांनी काढला. — सून.) का गं, मी गप्प होते, मग तुझं पेन कशाला चालत होतं?

तुला सांगते, तो ओटा म्हणजे नुसता दगड नाही. मला वाचता येत नाही, मला वर्तमानपत्र नाही. त्या ओट्यावर बसले की गल्लीतलं सगळं मला ठोक भावात मिळतं आणि मग बाया येऊन माझ्याकडून किरकोळीत नेतात. आणि तू येशील तेव्हा तुला घरात कोंडून न बसता माझ्याशेजारी पाय सोडून बसता यावं, म्हणून त्यावर तुझी जागा मी दुसऱ्या कुणालाही देत नाही. शिंपीण एकदा टेकली होती, तिला विचार. म्हणून मी काय केलं, उठलेच नाही. चहा तिथे, जेवण तिथे. पहार घेऊन मुलगा उभा, इस्त्रीवाला उभा, आणि मधे मी. उठले असते तर गेलाच होता ओटा.

मीच म्हटलं, ओझं उतरवा, चाक आपोआप वर येईल. तेवढी अक्कल साहेबालाही होती, पण माल उघड्यावर ठेवायचा नाही असा त्यांचा नियम. ट्रकची मागची दारं नेमकी आमच्या दाराशी उघडत होती. हमालांनी बघता बघता खोकी आत नेऊन रचली, खाटेसकट माझा कोपरा झाकून टाकला. चाक आलं वर! गटारावर फळ्याही टाकल्या. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आणि मग काय, ओझं उतरलं तसा ट्रकही उंच झाला, आणि त्याचं छत शिंप्याच्या सज्ज्याखाली जाऊन घट्ट बसलं. आधी आडवा अडकला होता, आता उभा अडकला. इस्त्रीवाल्याने पुन्हा ओट्याकडे पाहिलं. ओटा गेला तर ट्रक कडेला सरकवून काढू, म्हणाला. मुलाने पुन्हा पहार उचलली. तोवर हमाल निघून गेले होते. एकदा उतरवलेला माल परत चढवायला ते काही वेडे नव्हते.

मला असा संताप आला! म्हटलं, “अरे, खोकी नाहीत तर माणसं चढवा. या गल्लीत वजनाला काय तोटा आहे?” कुणी हलेना. मग मीच ओट्यावरून नावं पुकारायला लागले, वजनाच्या क्रमाने. पिठाच्या गिरणीवाली आधी. ती रुसली, पण चढली. मग शिंपीण, तिची सासू, कोपऱ्यावरचा न्हावी, त्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, आमची सूनबाई. (मला शेवटी बोलावलं होतं, सडपातळ म्हणून. — सून.) शेवटी ट्रक श्वास सोडल्यासारखा खाली बसला, सज्जा सुटला, आणि ड्रायव्हरने अख्खी गल्ली पोटात घेऊन ट्रक मागे काढला. माझ्या ओट्याचा नुसता एक टवका उडाला. मुलगा पहार घेऊन उभाच.

पण तो ड्रायव्हर! एकदा सुटल्यावर तो थांबतो कशाला? फोनमधल्या बाईने सांगितलं सरळ, तो सरळ गोदामाच्या फाटकाशी. पहारेकऱ्याने विचारलं, “आत काय माल?” आतून शिंपीण म्हणाली, “नाजूक.” त्याने तेच नोंदवलं आणि सोडलं की आत! अर्ध्या दाढीवाल्याला तर गोदामातल्या एका बाईने माल समजून उचलून दुसऱ्या रांगेत उभं केलं. संध्याकाळी सगळे पायी परत आले, आणि अजून माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

आता खरी गंमत. ट्रक फाटकातून आत गेला, म्हणजे माल पोचला, असं त्यांच्या संगणकाने मानलं आहे. साहेबाला निरोप धाडला, या आणि खोकी न्या. तो म्हणतो, आजी, माल तर आमच्याकडे जमा आहे. म्हणजे कागदोपत्री माझ्या घरात नुसती हवा आहे, आणि त्या हवेवर रोज माझं कोपर आपटतं. मी म्हटलं, बरं, हवाच असेल तर त्यातली एक पिशवी माझ्या धाकटीला पाठवते. तर लगेच जागा झाला! “तसं नाही करता येणार आजी, आम्ही किरकोळ देत नाही.” म्हणजे मी ही पिशवी हातात धरून बसायचं, ती आधी गोदामात जायची, मग ठोकवाल्याकडे, मग तुझ्या त्या बुचवाल्या दुकानदाराकडे, आणि तोवर तू गुडघे धरून ‘वर’ बघत बसायचं. असो. किती म्हणून बोलायचं! सूनबाईचा हात दुखायला लागला आहे असं ती म्हणते. तुझ्या यजमानांना नमस्कार, तोही मोठ्याने सांग.

तुझी,
थोरली

ता. क. ओट्याचा टवका उडाला त्याच्या भरपाईत मी एक खोकं फोडलं. पिशवी छान आहे, जाड आहे. गरम पाणी भरलं, गुडघ्यावर ठेवली आणि अंथरूण भिजलं. एकाही पिशवीला बूच नाही! साहेब म्हणतो, बुचं दुसरीकडे बनतात, गोदामात आल्यावर बसवतात, पण यंदा त्यांचं खोकं कुठेतरी भलतीकडे गेलं. काळी आहेत म्हणे, पेचाची. धाकटे, मी तुझ्या दुकानदाराला हसले ते परत घेते. त्याला म्हणावं, तेलाच्या बाटल्यांचा नाद सोड.

आणखी एक. बूच टपालाने पाठवू नकोस. ते आधी याच शहरात येईल आणि हरवेल. दोन बुचं पदराला बांध आणि स्वतः घेऊन ये. गाडीत बसायचं आहे, चालायचं नाही, आणि इथे पोचल्यावर तुझ्यासाठी छतापर्यंत पिशव्या आहेत. ओटा एका कोपऱ्याने कमी झाला आहे, पण तो कोपरा माझ्या बाजूचा होता. तुझी जागा शाबूत आहे.

आणि शेवटचं. लवकर ये. मुलाने पहार अजून आत ठेवलेली नाही. (ठेवली आहे. तुम्ही या, मावशी. या दिवसभर खोक्यांशी भांडतात. — सून.) बघ, पुन्हा पेन चाललं.