तुझ्या फोटोतला धूर

प्रिय गजा,

तुला जाऊन वर्ष झालं आणि मी आज कागद हातात घेतोय. कारण उजाडलं आहे, लोक देवळापुढं जमताहेत आणि थोड्याच वेळात मल्हारी मेंढक्याचा न्याय व्हायचा आहे. त्यानंच पोलिसांना आमची लपायची कपार दाखवली, म्हणून तू गेलास, असं सगळे म्हणतात. गुन्हा ठरला की त्याच्या तळपायांवर काठ्या पडतील. मग तो मेंढरांमागं चालेल कसा?

आणि निकाल मी सांगायचा आहे!

तो फोटो आठवतो तुला? पौष होता. कोरेगावला गाडीतून उतरून तू अंधारातच डोंगर चढलास, वळेनाशी झालेली बोटं काखेत धरून सूर्याची वाट बघत बसलास. तिरपं ऊन आलं आणि डोंगराची एकेक सोंड वेगळी झाली. असा उजेड थंडीतच मिळतो, म्हणायचास. उन्हाळ्यात डोंगर नुसते सपाट दिसतात.

बेचाळीसपासून मी भूमिगत. आठवड्यानं सांगलीत तुझ्या स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लपलो होतो, तेव्हा तू त्या फोटोची निगेटिव्हची काच उजेडाकडं धरून मला दाखवलीस. सावलीतल्या कड्यावर एक बारीक रेघ उभी होती. आमच्या चुलीचा धूर! गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे देवीचे वण तू घालवायचास, तशीच ती रेघ चाकूच्या टोकानं खरवडणार होतास.

मी तुझा हात धरला. काय काय बोललो! आपण खोट्याविरुद्ध लढतोय, जे आहे ते दिसू दे, एवढी रेघ बघून कोण डोंगर चढतंय? तू सगळं ऐकून घेतलंस आणि हसून म्हणालास, "भाषण लय झ्याक झालं रं. पर धूर हाय तितंच हाय."

तरी फोटो तसाच दुकानाच्या दर्शनी काचेत लागला, खाली डोंगराच्या नावासकट. माझा शब्द तू कधी मोडला नाहीस. का मोडला नाहीस, गजा?

फौजदार दोन दिवस त्या काचेपुढं उभा राहिला आणि तिसऱ्या दिवशी फोटो घेऊन गेला. मी कपारीत परतलो होतो; धापा टाकत वर येऊन तूच हे मला एकट्याला सांगितलंस. आम्हाला पलीकडच्या उतारानं पिटाळलंस आणि स्वतः तिथंच कॅमेरा मांडलास. "मी फोटोवाला. मला कोण काय करतंय?" पोलिसांनी खालून हाका मारल्या असतील. तुझं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली असणार. त्या कापडाखाली त्यांना बंदूक दिसली असावी. गोळी आम्ही उतारावर ऐकली.

पुढच्या सभेत मी गरजलो, घरभेद्या शोधा! लोकांनी शोधला. मल्हारीची मेंढरं त्या वाटेवर बसत होती, एवढंच. फोटोचं कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नाही.

काल संध्याकाळी तो माझे पाय धरून म्हणाला, "आवं, तुमी बोला. तुमचं समदी ऐकत्यात." मी पाय सोडवून घेतले. तुला सांगतानाही लाज वाटते.

बाहेरून हाक आली. गजा, तुला शब्द देतो. आज भाषण होणार नाही. मल्हारीला शेजारी उभा करीन आणि सांगीन, की पोलिसांना वाट त्या फोटोनं दाखवली आणि त्यातला धूर मी राहू दिला. मग त्या काठ्या माझ्याकडं वळल्या, तर पायातल्या वहाणा मी स्वतः काढून ठेवीन.

तुझा,
सदाशिव